लांब स्वराच्या पोटातली खूण

सुरांना अक्षरे देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी बंदिशी लिहून ठेवल्या त्या सा, रे, ग, म या अक्षरांतच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाचे टिंब खाली, तार सप्तकाचे वर. एवढ्या खुणांवर अख्खी बंदिश उभी राहते. मात्र आवाज कोठे वाढवावा आणि कोठे उतरवावा, याची खूण त्या लिपीत नाही. ते काम गुरूच्या गळ्याचे.

पण गुरूच नसेल तर? माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचा विचार करताना हा प्रश्न मला पडला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही; घरातली विद्या म्हणजे या ओव्याच. विजयदुर्गात आमचे पीठ आता गिरणीवरून येते. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यामुळे शब्दांचे मोल सर्वांना पटले आहे. मला काळजी आहे ती सुराची. ओळीचा शेवटचा स्वर आजी हळू धरते, मध्येच फुगवते आणि अलगद सोडते. ओवीचा जीव त्या फुगवट्यात आहे. "गळ्यातला कागदार कसा येतला?" असे ती विचारते. प्रश्न रास्त आहे.

पाश्चात्त्य लिपीत यासाठी खुणा आहेत. हळू आवाजाला 'पी', मोठ्याला 'एफ', आणि चढउतारासाठी चिमट्यासारख्या उघडत्या-मिटत्या रेघा. 'लिलीपाँड' नावाच्या, फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीत सारे संगीत अक्षरांनीच लिहितात. १९९६ साली नेदरलँड्समधील दोघांनी तिची सुरुवात केली. स्वराचे अक्षर, त्यापुढे काळाचा आकडा: १ म्हणजे चार मात्रांचा पूर्ण स्वर, ४ म्हणजे त्याचा पाव भाग. आवाजाची खूण त्यालाच जोडायची.

अडचण येथेच आहे. अशी जोडलेली खूण स्वराच्या आरंभी बसते. आजीचा फुगवटा तर स्वराच्या पोटात! स्वराचे चार तुकडे करून ते कमानीने जोडता येतात, पण पान गजबजते आणि एकसंध स्वर तुटक दिसतो.

खरी युक्ती निराळी आहे. पूर्ण स्वर तसाच ठेवायचा आणि त्याच्या सोबत दुसरी, न दिसणारी ओळ चालवायची. तिच्यात 'एस' अक्षराचे चार पाव विराम असतात. ते कागदावर उमटत नाहीत, फक्त काळ मोजतात. पहिल्या विरामाला 'पी' आणि उघडता चिमटा, दुसरा मोकळा, तिसऱ्याला 'एफ' आणि मिटता चिमटा, चौथ्याला पुन्हा 'पी'. दोन्ही ओळी दुहेरी कोनी कंसात घातल्या की विराम अदृश्य राहतात आणि खुणा अखंड स्वराखाली आपापल्या मात्रेवर बसतात. विरामांची बेरीज मात्र स्वराइतकीच हवी; जास्त झाली तर पुढचे सूर सरकतात. २०२२ सालच्या आवृत्तीपासून 'आफ्टर' ही आज्ञाही मिळाली आहे. इतक्या काळानंतर अमुक खूण, असे तिला थेट सांगता येते.

जात्याचा एक फेरा मी चार मात्रांचा धरतो आणि याच रीतीने आजीच्या ओव्या एकेक करून लिहितो आहे. आवाज किती फुगवायचा हे कोणतीही खूण सांगणार नाही. ती फक्त कोठे ते सांगते. पण उद्या जात्यावर न बसलेली एखादी मुलगी ती ओवी गाईल, तेव्हा निदान योग्य ठिकाणी तिचा आवाज भरून येईल.