बिजागरीचं दुखणं

२०२० च्या टाळेबंदीत माझी धाकटी लेक पुण्याहून मिरजेला घरी आली. सोबत चार कपडे आणि कंपनीने दिलेला लॅपटॉप. पंधरा दिवसांसाठी आली ती दीड वर्ष राहिली. आमचं घर जुनं. टेबल-खुर्चीचा रिवाज नाही. मी स्वतः आयुष्यभर गादीवर लोडाला टेकून लिहीत आलो. तिनेही तेच केलं. सकाळी पलंगावर पाय पसरून, दुपारी भिंतीला टेकून, रात्री मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप. दहा-दहा, बारा-बारा तास. मी येता-जाता म्हणायचो, "ताठ बस गं." ती ताठ व्हायची आणि दोन मिनिटांत पुन्हा वाकायची.

थंडीच्या सुरुवातीला एके सकाळी ती कंगवा घेऊन आईपुढे बसली. "अम्मी, वेणी घाल ना." आई हरखली. लेक मोठी झाल्यापासून हे सुख तिच्या वाट्याला आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की, हे लाड नव्हेत. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. चहाचा कप उचलतानासुद्धा ती डावा हात पुढे करत होती. विचारलं तर म्हणाली, "अब्बा, कुणाला सांगू नका. ऑफिसात कळलं तर पुढच्या कामावर घेणार नाहीत." सव्वीस वर्षांची पोर, आणि म्हाताऱ्यासारखं दुखणं लपवत होती.

मला मामू आठवले. माझे मामू मुंबईत एका उर्दू दैनिकात कातिब होते. उर्दूची नस्तालिक लिपी छापखान्याच्या खिळ्यांत नीट बसत नसे, म्हणून अख्खा पेपर माणसं हाताने लिहीत आणि त्यावरून तो छापला जाई. ती माणसं म्हणजे कातिब. जमिनीवर बसायचं, एक गुडघा उभा करायचा, त्याला फळी टेकवायची, फळीवर कागद आणि कागदावर झुकलेली मान. मामू रात्री घरी आले की म्हणायचे, "मानेत कुणी खिळा ठोकून ठेवलाय." मामी तेल गरम करून चोळायच्या. १९९४ मध्ये इनपेज नावाची संगणकप्रणाली आली आणि पुढच्या काही वर्षांत कातिबांचा धंदा बसला. फळी गेली. मान मात्र तशीच झुकलेली राहिली, आता पडद्यावर.

हे दुखणं मामूंपेक्षाही जुनं आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. तो १७०० साली प्रथम छापला गेला, १७१३ साली वाढवलेली आवृत्ती निघाली. त्यात लेखनिक आणि कारकुनांवर एक प्रकरण आहे. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं सांगितली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने सतत होणारी हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. उजवा हात निकामी झाला म्हणून डाव्याने लिहायला शिकलेल्या आणि मग डावाही गमावून बसलेल्या एका लेखनिकाची हकीकत त्यात आहे. तीनशे वर्षांपूर्वीची ही तीन कारणं माझ्या लेकीला एकेक करून लागू पडत होती. पण लॅपटॉपने त्यात एक चौथं कारण जोडलं आहे, आणि ते समजलं तेव्हा मला माझ्या "ताठ बस"ची लाज वाटली.

ते कारण म्हणजे बिजागरी. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला, तेव्हा त्याचा कीबोर्ड वेगळा होता. पिळाच्या वायरने जोडलेला, हवा तिथे सरकवता येणारा. पडदा डोळ्यांसमोर, कीबोर्ड हातांखाली. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास नावाचं यंत्र आलं. बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकाराने त्याचा पडदा बिजागरी लावून कीबोर्डावर मिटणारा केला, पुस्तकासारखा. आजचा प्रत्येक लॅपटॉप त्याच घराण्यातला. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना बांधले गेले. आपल्या शरीरात डोळे वर आहेत आणि हात खाली आहेत. लॅपटॉप हातांच्या उंचीवर ठेवला तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांच्या उंचीवर नेला तर हात अधांतरी लोंबतात आणि खांदे भरून येतात. नुसत्या लॅपटॉपवर तासन् तास नीट बसणं कुणालाच शक्य नाही. म्हणजे दोष पोरीच्या बसण्यात नव्हता, निदान सगळा नव्हता.

आता मान वाकली तर बिघडतं काय? मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते सरळ मानेवर तोललेलं असतं तोवर ठीक. ते पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यविशारदाने २०१४ मध्ये याचं गणित मांडलं. मान १५ अंश वाकली की मानेच्या मणक्यांवर सुमारे १२ किलोचा भार येतो, ३० अंशांना १८ किलो, ६० अंशांना २७ किलो. हा संगणकावर मांडलेला हिशेब आहे, प्रत्यक्ष माणसावर वजनकाटा लावलेला नाही. तरी त्यावरून अंदाज येतो. सात-आठ वर्षांचं पोर मानेवर घेऊन कुणी दहा तास बसेल का?

पण केवळ ओझ्याने माणूस दुखत नाही. आमच्या मिरज जंक्शनवरचे हमाल याहून जास्त ओझं उचलतात. खरी गोम ओझं न हलवता धरून ठेवण्यात आहे. भरलेली कळशी हातात घेऊन चालत जा, जमेल. तीच कळशी घेऊन एका जागी उभे राहा, पाच मिनिटांत हात थरथरेल. स्नायू आवळतो आणि सैल होतो तेव्हा त्यातून रक्त खेळतं. नुसता आवळून राहिला की आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पोचतो, कामातून तयार झालेले पदार्थ तिथेच साचतात. तेच ठणकतं. खांद्यापासून डोक्याच्या मागपर्यंत जाणारा जो पसरट स्नायू आहे, टाइप करताना तो वरून अगदी शांत दिसतो. आत त्याचे काही तंतू मात्र अखंड राबत असतात. योरान हेग या स्वीडिश संशोधकाने १९९१ मध्ये या तंतूंना सिंड्रेला म्हटलं: सगळ्यांच्या आधी कामाला लागणारे आणि सगळ्यांच्या शेवटी सुटी मिळणारे. आपल्याकडे असता तर त्याने त्यांना एकत्र कुटुंबातली थोरली सून म्हटलं असतं. हा अजून तर्कच मानला जातो, पण इतकं हलकं काम इतकं का दुखवतं याचा तो बराच उलगडा करतो. मनावर ताण असला की हाच स्नायू आणखी आवळतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. साहेबाचा फोन वाजला की खांदे आपोआप कानांकडे जातात, हे माझं घरचं निरीक्षण.

लोक "लॅपटॉपने सांधे गेले" असं म्हणतात. बहुतेक वेळा सांधा शाबूत असतो. त्याच्याभोवतीचे स्नायू आणि त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा तक्रार करत असतात. मनगटाचा प्रकार थोडा वेगळा. तिथे एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. मनगट वर किंवा खाली मुडपून ठेवलं की त्या बोगद्यात गर्दी होते. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं, अनामिकेचा अर्धा भाग, इथे मुंग्या येत असतील तर संशय या नसेवर. करंगळीला मुंग्या येत असतील तर बहुधा दुसरीच नस, कोपराशी दाबली गेलेली. पलंगावर कोपर टेकून काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मात्र बोगद्याचा सगळा दोष संगणकाच्या माथी मारता येत नाही. डेन्मार्कमध्ये जवळजवळ सात हजार कर्मचाऱ्यांची पाहणी करून २००३ मध्ये संशोधकांनी सांगितलं की, या विकारासाठी कीबोर्ड हा मोठा धोका दिसत नाही. माउसचा फार वापर असेल तर थोडा संशय घ्यायला जागा आहे.

दोष लॅपटॉपवर ढकलण्यात मीही फसलो. लेकीचं पाहून मी कविता लॅपटॉपवर उतरवायला लागलो आणि सहा महिन्यांत माझा डावा खांदा असा धरला की सदरा घालवेना. मी यंत्राला शिव्या दिल्या. डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला आणि रक्त तपासायला सांगितलं. साखर निघाली, तीही भरपूर. मधुमेह्यांत खांदा असा गोठण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि वयही माझं तेच. बिचारा लॅपटॉप निर्दोष सुटला.

लेकीचं निदान व्हायलाही वेळ गेलाच. आधी एका दवाखान्यात गळ्यात पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. महिना गेला, पट्ट्याने मान आणखी आळशी झाली. मग ओळखीतून एका फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या. त्यांनी खांद्याला हात लावण्याआधी विचारलं, "कुठे बसून काम करतेस, दाखव." व्हिडिओवर आमचा पलंग पाहून त्या हसल्या.

उपाय साधा होता. बिजागरीने जे बांधलं ते सोडवायचं. लॅपटॉप उंच ठेवायचा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत, अंतर साधारण हातभर. आणि खाली वेगळा कीबोर्ड, वेगळा माउस. कोपर अंगाशी, मनगट सरळ. आपल्या वडीलधाऱ्यांना ही अक्कल होती. कुराण वाचायला रेहल असते, पोथीला लाकडी व्यासपीठ असतं; ग्रंथ वर येतो, माणूस खाली जात नाही. आमच्या घरातली रेहल अर्थातच या कामी कुणी देणार नव्हतं, म्हणून माझ्या शब्दकोशाचे जाडजूड खंड लॅपटॉपखाली गेले. ते पहिल्यांदाच घरच्यांच्या उपयोगी पडले. कीबोर्डासाठी तिने कंपनीला विचारलं. धोरणात बसत नाही, असं उत्तर आलं. हजार-बाराशे रुपयांत बाजारातून आणला. मला हे अजून खटकतं. लॅपटॉप देणाऱ्याने कीबोर्डही द्यायला हवा, चपलेबरोबर दुसरी चप्पल देतात तसा.

बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, अर्ध्या तासाने उठायचं, फोन आला तर चालत बोलायचं. कितीही उत्तम बैठक असली तरी तीच धरून बसली तर दुखवते. दुसरी, रबरी नळी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूंनी खांद्यापर्यंत उचलायचे, दिवसातून दोन मिनिटं. मला हे हास्यास्पद वाटलं. पण मान-खांदेदुखी असलेल्या १९८ जणांवर डेन्मार्कमध्ये असाच प्रयोग झाला होता. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दोन मिनिटं करणाऱ्यांचं दुखणंही कमी झालं होतं. लेकीचा हात आधी जरा मोकळा करून मगच बाईंनी नळी दिली, हेही सांगायला हवं. हात अडकलेला असताना स्वतःच ओढाताण करू नये.

आणि काही दुखणी घरी ठेवायची नसतात. हातातून वस्तू पडायला लागल्या, मुंग्या जाईनात, हाताची शक्ती कमी झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर शब्दकोश आणि नळी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

लेकीला हात डोक्यापर्यंत न्यायला सहा आठवडे लागले. पुण्याला परत जाताना तिने कीबोर्ड बॅगेत घातला, शब्दकोश मला परत केले. वेणी मात्र सुटीत आली की अजून अम्मीकडूनच घालून घेते. पहिल्या वेळी मी घाबरून तिचा खांदा पाहिला होता.