बंगवालबिनच्या दलदलीतलं तेल

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात बंगवालबिन नावाचा ओढा रिचमंड नदीला मिळतो. भाग सखल, पूर आला की जमीन कित्येक दिवस पाण्याखाली राहते. बाकीची झाडं जिथे कुजतात, तिथे मेलॅल्युका अल्टर्निफोलिया जोमानं वाढतं. उंची फार तर सात मीटर, कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल आणि सुईसारखी बारीक पानं. औषधांच्या दुकानात मिळणारं टी ट्री तेल याच पानांचं. चहाच्या झाडाशी त्याचा काही संबंध नाही. ते जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरीच्या कुळातलं. पान चुरगळलं की कापराच्या जवळ जाणारा उग्र वास हाताला चिकटून राहतो.

हा मुलूख बंजलंग या आदिवासींचा. सर्दी-खोकल्यात पानं चुरगळून हुंगायची, जखमेवर ठेचून बांधायची, ही त्यांची जुनी रीत. टी ट्रीचा इतिहास प्रयोगशाळेपासून सुरू करणारी माहितीपत्रकं मला म्हणूनच अपुरी वाटतात. प्रयोगशाळेनं मोजमाप केलं; गुण आधीच माहीत होता.

हे मोजमाप केलं आर्थर पेनफोल्ड या रसायनशास्त्रज्ञानं. सिडनीच्या तंत्रज्ञान संग्रहालयात काम करताना १९२० च्या दशकात त्यानं हे तेल तपासलं. त्या काळी जंतुनाशक म्हटलं की कार्बोलिक ॲसिड. टी ट्री तेल जंतू मारण्यात त्याच्या सुमारे ११ पट प्रभावी ठरलं, आणि कातडी मात्र तसं भाजत नव्हतं. दलदलीतल्या झुडपाला एकाएकी भाव आला.

पण तेल काढणं म्हणजे अंगमेहनत. कामगार कोयते घेऊन पाण्या-चिखलात उतरायचे, फांद्या तोडून डहाळ्या-पानं वेगळी करायचे आणि जंगलातच मांडलेल्या भट्टीवर नेऊन ओतायचे. खाली लाकडाचा जाळ, वर पानांनी ठासून भरलेलं बंद पिंप. पिंपाच्या तळच्या पाण्याची वाफ पानांतून वर जाताना तेल सोबत घेऊन जायची. थंड पाण्यातल्या नळीत तिचं पुन्हा पाणी व्हायचं आणि त्यावर फिकट पिवळसर तेल तरंगायचं. ते वरच्या वर काढून घ्यायचं. शंभर किलो ओल्या पाल्यातून हाती येणारं तेल एक-दोन किलोच. तोडलेल्या खोडाला मात्र पुन्हा धुमारे फुटतात, त्यामुळे तेच झाड वर्षा-दीड वर्षानं परत कापणीला तयार. आज शेतांत यंत्रं कापणी करतात, पण ऊर्ध्वपातनाची रीत मुळात तीच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन आलं आणि हे तेल मागं पडलं. १९७६ मध्ये याच परिसरात थर्स्डे प्लांटेशन या टी ट्री तेलाच्या कंपनीची सुरुवात झाली आणि वनौषधींच्या नव्या ओढीबरोबर धंदा पुन्हा उभा राहिला. तेव्हा जंगलातल्या झाडांची एक अडचण लागवड करणाऱ्यांपुढेही आली. शेजारीशेजारी उभी, दिसायला अगदी सारखी दोन झाडं. एकाच्या तेलात टर्पिनेन-४-ऑल भरपूर, तर दुसऱ्याच्या तेलात सिनिओल, म्हणजे निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक. औषधी गुण मुख्यतः पहिल्यात. म्हणून निवडक बियाण्यावर भर दिला गेला, आणि आयएसओ ४७३० या आंतरराष्ट्रीय मानकात टर्पिनेन-४-ऑल किमान किती आणि सिनिओल कमाल किती, हे ठरवलं गेलं. माझ्या मते बाटलीवर 'शंभर टक्के शुद्ध' असण्यापेक्षा या मानकाचा उल्लेख असणं जास्त मोलाचं.

टर्पिनेन-४-ऑल जिवाणूच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतं. आतले क्षार बाहेर पाझरतात आणि जिवाणू मरतो. मुरुमांवर याचा उपयोग किती, याची गाजलेली चाचणी सिडनीत झाली आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. १२४ रुग्णांपैकी काहींना पाच टक्के टी ट्री तेलाचं जेल दिलं, बाकीच्यांना तितक्याच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे मुरुमांवरचं नेहमीचं औषध. मुरुम दोन्हींनी कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि आग होण्याच्या तक्रारी कमी आल्या. २००२ मध्ये कोंड्यावरची चाचणी प्रसिद्ध झाली: पाच टक्क्यांचा शाम्पू चार आठवडे वापरणाऱ्यांचा कोंडा ४१ टक्क्यांनी घटला, औषधाविना शाम्पू वापरणाऱ्यांचा ११ टक्क्यांनी.

दोन्हीकडे प्रमाण पाच टक्के, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे मात्र 'नैसर्गिकच आहे' म्हणून बाटलीतला थेंब थेट पुटकुळीवर लावला जातो, आणि चेहरा लाल होतो. दहा मिलिलिटर जेलमध्ये साधारण दहा थेंब टाकले की पाच टक्के होतात. पण घरच्या मोजमापापेक्षा तयार जेल घेणं बरं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. डोळ्यांच्या जवळ नेऊ नये.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तेलाचं वय. हवा, उजेड आणि उष्णता लागली की त्यात पेरॉक्साइडं आणि ॲस्कॅरिडॉल तयार होतात, आणि ॲलर्जीनं खाज-पुरळ उठवणारे हेच मुख्य पदार्थ. बाटली गडद काचेची असते ती म्हणूनच. न्हाणीघराच्या खिडकीत वर्षभर उघडझाप झालेली अर्धी बाटली चेहऱ्यासाठी वापरू नये, तिला कितीही छान वास येत असला तरी. आणि हे तेल पोटात जाता कामा नये: लहान मुलांनी थोडंसं जरी प्यायलं तरी गुंगी येते, तोल जातो. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या अंगालाही ते कधी चोळू नये.