उन्हाळी शिबिर आणि स्वमग्न मूल

मे महिन्यात वस्तीत, विहारात मुलांची शिबिरे भरतात. घरात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले मूल असेल, तर आई म्हणते, "आमच्याला कोण सांभाळणार?" मूल घरीच राहते. शाळा बंद झाल्याने त्याचा रोजचा क्रम मोडतो, चिडचिड वाढते, झोप बिघडते. म्हणूनच सुट्टीत त्याला ठरलेल्या वेळेचा एखादा कार्यक्रम हवा.

शिबिरात नाव घालण्याआधी विचारा: एका ताईकडे किती मुले असतात? लाउडस्पीकर सतत चालू असतो का? गोंधळ सहन झाला नाही तर बसायला शांत कोपरा आहे का? दार बंद असते का? कारण काही मुले न सांगता बाहेर निघून जातात. पहिले काही दिवस घरचे माणूस सोबत बसू शकेल का?

एका कागदावर लिहून द्या: मूल काय खाते, कशाला घाबरते, संडासला लागल्यावर कशी खूण करते, कशाने शांत होते. आदल्या दिवशी जागा दाखवून आणा. सुरुवात एका तासाने करा.

योग्य ठिकाणाची चौकशी समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांकडे किंवा जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे मुलाचे प्रमाणपत्रही काढून घ्या.

"महिन्याभरात बरे करतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जवळ काहीच नसेल, तर वस्तीतल्या शिबिराच्या कार्यकर्त्यांशी बोला. एक शांत कोपरा आणि एक समजूतदार ताई, एवढ्यावरही सुरुवात होते.