आयर्लंडची परमुलखातील लेकरे

इंग्लंडच्या शेजारी आयर्लंड नावाचे बेट आहे. आपल्यासारखाच तो देशही इंग्रजांच्या ताब्यात होता. जमीन जमीनदारांची आणि राबायचे कुळांनी, अशी तेथे रीत. गरिबांचे रोजचे अन्न म्हणजे बटाटा.

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पीक शेतातच सडले. पुढे काही वर्षे हेच चालले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली. त्याच वेळी देशातले धान्य मात्र बोटींत भरून इंग्लंडला जात होते! खंड थकला म्हणून कुळांना घराबाहेर काढले. मग लोकांनी करावे काय? दहा लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. त्यांतले पुष्कळ अमेरिकेला गेले.

तेथे पुरुष गोदीत, रेल्वेच्या कामावर राबले. बायका मोलकरणी झाल्या. पोट भरू लागले, पण मायभूमी काही विसरली नाही.

१८५८ साली न्यूयॉर्क शहरात त्यांनी 'फेनियन' नावाची संघटना काढली. आयर्लंड स्वतंत्र करायचे, हा तिचा हेतू. १८७९ साली आयर्लंडात कुळांची 'लँड लीग' उभी राहिली. तिचे पुढारी पार्नेल १८८० साली अमेरिकेत गावोगाव फिरले. लोकांनी आपल्या गाववाल्यांसाठी पैसे दिले.

१९१६ साली डब्लिन शहरात उठाव झाला. सरकारने तो मोडला व पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्यांतले टॉम क्लार्क बरीच वर्षे अमेरिकेत राहून आले होते.

तरी लोक खचले नाहीत. १९१९ साली त्यांनी स्वतःची लोकसभा स्थापन केली. पण कारभाराला पैसा कुठला? पुढारी डी व्हॅलेरा अमेरिकेला गेले. त्यांनी कर्जाचे रोखे विकले. सर्वांत लहान रोखा दहा डॉलरचा. अडीच लाखांहून अधिक लोकांनी रोखे घेतले. पन्नास लाखांवर डॉलर जमले. पुढाऱ्यांत तेथे भांडणेही झाली. पण गरिबांनी हात आखडला नाही.

१९२१ साली तह झाला. १९२२ साली बहुतेक आयर्लंडात स्वराज्य आले. उत्तरेचे सहा जिल्हे मात्र ब्रिटनकडेच राहिले. पुढे आयर्लंडच्या सरकारने ते कर्ज फेडले.

लढले ते घरी राहिलेले. पण दूर गेलेल्यांनी त्यांना एकटे पडू दिले नाही. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.