बॅकअप अर्ध्यातच थांबतोय? रेंजला दोष देण्याआधी फाईलची साईज बघा

पुणे : दूध संस्था असो, पतसंस्था असो की लग्नाचं शूटिंग करणारा फोटोग्राफर, सगळ्यांचा माल आता कॉम्प्युटरमध्येच असतो. डिस्क गेली की वर्षभराच्या दूधबिलांचा हिशेब गेला. म्हणून बॅकअप झिप करून गुगल ड्राइव्हवर टाकायचा किंवा पेनड्राइव्हवर पुण्याला ऑडिटरकडं पाठवायचा. पण ऐन मार्चअखेरीस फाईल जात नाही आणि शिव्या मात्र मोबाईल कंपनीला बसतात.

पुण्यात टापकीर गल्लीतून आणलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असतो, तरी ५ जीबीची फाईल 'मोठी आहे' म्हणून नाकारतो. पेनड्राइव्ह खराब नसतो. लहान पेनड्राइव्ह बहुतेक वेळा 'फॅट३२' पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. जागा कितीही असो. 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट केलं की अडचण सुटते, पण फॉरमॅटनं आतलं सगळं पुसलं जातं. आधी आतलं दुसरीकडं काढून घ्या.

गुगलचं गणित वेगळं. फुकटची जागा १५ जीबी, आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं येतं. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी जागा भरली की संस्थेच्या हिशेबाला जागा कुठून उरणार? व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये 'व्हिडिओ समाविष्ट करा' बंद ठेवलं तरी बराच फरक पडतो. ईमेलचा तर विचारच नको, जीमेलला २५ एमबीच्या वरची फाईल जोडता येत नाही.

झिप केलं की सगळंच लहान होतं, हा गैरसमज आहे. हिशेबाचा डेटा चांगला दबतो. फोटो आणि एमपी४ व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते झिप करून फारसं काही वाचत नाही.

मग उपाय काय? फाईलचे तुकडे करायचे. 'सेव्हन-झिप' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फाईलवर राईट क्लिक करून 'ॲड टू अर्काईव्ह' उघडा, खालच्या 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स'च्या रकान्यात ५००एम लिहा. ००१, ००२ असे तुकडे पडतात. गावाकडं अपलोडचा वेग २ एमबीपीएस धरला तर ५ जीबीला साडेपाच तास लागतात, तेवढ्यात लाईट एकदा तरी जातेच. ५०० एमबीचा तुकडा अर्ध्या-पाऊण तासात जातो. लाईट गेली तरी तेवढाच परत टाकायचा.

एक तुकडा जरी हरवला तरी फाईल पूर्ण उघडत नाही. म्हणून सगळे तुकडे दुसऱ्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये उतरवून ००१ उघडून बघा. हिशेब नीट उघडला, की मगच जुना बॅकअप पुसा.