मध्यवर्ती कल्पना व पूरक तपशील : बालवाचनातील अध्यापन

लिखित उताऱ्यात लेखकाने प्रतिपादिलेला मुख्य आशय म्हणजे मध्यवर्ती कल्पना, आणि तो आशय स्पष्ट, सिद्ध वा सुबोध करण्यासाठी दिलेली उदाहरणे, कारणे, वर्णने, आकडे इ. म्हणजे पूरक तपशील होत. या दोहोंतील भेद ओळखणे व त्यांचा परस्परसंबंध जाणणे हा वाचन-आकलनाचा गाभा मानला जातो. अक्षरओळख व अस्खलित प्रकट वाचन साधलेल्या बालकासही हे कौशल्य आपोआप प्राप्त होत नाही. ते हेतुपूर्वक शिकवावे लागते.

विषय व मध्यवर्ती कल्पना यांची गल्लत सर्वत्र आढळते. विषय एखाद्या शब्दाने वा शब्दसमूहाने सांगता येतो. मध्यवर्ती कल्पना मात्र पूर्ण विधानानेच व्यक्त होते. ‘उतारा कशाविषयी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे विषय, तर ‘त्याविषयी लेखक काय सांगतो?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मध्यवर्ती कल्पना. पुढील उतारा पहावा : ‘काळ्या जमिनीत पावसाची ओल पुष्कळ दिवस टिकते. पाऊस थांबल्यावरही कपाशीची मुळे ही ओल शोषून घेतात. म्हणून विहिरीचे पाणी नसलेल्या शेतातही कपाशी तग धरते. उन्हाळ्यात या जमिनीला रुंद भेगा पडतात.’ येथे ‘काळी जमीन’ हा विषय होय. ‘काळी जमीन ओल धरून ठेवत असल्याने कोरडवाहू कपाशीस उपयुक्त ठरते’ ही मध्यवर्ती कल्पना असून ती उताऱ्यातील कोणत्याही एका वाक्यात पूर्णपणे आलेली नाही. पहिली तीन वाक्ये तिला आधार देतात. भेगांचे वाक्य खरे व मनोवेधक असले, तरी या कल्पनेस ते पूरक नाही. बालकाच्या स्मरणात नेमके तेच राहण्याचा संभव असतो.

पूर्वपीठिका : मुख्य आशय व त्याचा आधार यांचा विवेक भारतीय परंपरेत जुना आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी मीमांसकांनी उपक्रम-उपसंहार, अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ती अशी गमके सांगितली. आरंभ व शेवट यांचा मेळ पहावा, वारंवार काय सांगितले आहे ते पहावे, प्रशंसापर वा आनुषंगिक भाग वेगळा काढावा, असा त्यांचा मथितार्थ. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) गीतेचे तात्पर्य ठरविताना हीच कसोटी स्वीकारली. प्राचीन मराठी गद्यात केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठाची रचना या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात चक्रधरांचे सूत्र, ते विशद करणारा दृष्टांत आणि दोहोंचा संबंध उलगडणारे दार्ष्टांतिक अशी तीन अंगे आढळतात. आधुनिक परिभाषेत सूत्र ही मध्यवर्ती कल्पना व दृष्टांत हा पूरक तपशील म्हणता येईल. शाळेत बहुधा उपेक्षित राहते ते तिसरे अंग, म्हणजे अमुक तपशील अमुक कल्पनेस कसा आधार देतो हे सांगणे.

पाश्चात्त्य देशांत अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये परिच्छेदरचनेचे नियम मांडले. परिच्छेदाच्या आरंभीच त्याचा विषय सूचित व्हावा, हा त्यांपैकी एक. त्यातून पहिल्या वाक्यात मुख्य कल्पना शोधण्याचा प्रघात पडला. तथापि रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ मध्ये व्यावसायिक लेखकांचे इंग्रजी विवेचनात्मक गद्य तपासले, तेव्हा अशा वाक्याने आरंभ होणारे परिच्छेद सु. १३ टक्केच आढळले. ‘पहिले वाक्य वाचा म्हणजे मुख्य कल्पना सापडेल’ हा उपदेश त्यामुळे अपुरा ठरतो. वॉल्टर किंच व ट्यून व्हान डाइक यांच्या उपपत्तीनुसार (१९७८) वाचक अनावश्यक विधाने वगळतो, अनेक विधानांचे एका व्यापक विधानात सामान्यीकरण करतो आणि उताऱ्यात नसलेले विधान स्वतः रचतो. ॲन ब्राउन व जीन डे यांच्या अभ्यासात (१९८३) वगळण्याची क्रिया लहान विद्यार्थ्यांनाही साधत असल्याचे, तर स्वतः विधान रचण्याची क्रिया सर्वांत उशिरा साधत असल्याचे दिसून आले.

मराठी शाळांत सारांशलेखन व कल्पनाविस्तार हे लेखनप्रकार दीर्घकाळ रूढ आहेत. सारांशात तपशिलाकडून कल्पनेकडे, तर कल्पनाविस्तारात कल्पनेकडून तपशिलाकडे जावे लागते. दोन्ही प्रकार एकाच प्रक्रियेच्या दोन दिशा असूनही ते परीक्षेतील स्वतंत्र प्रश्न म्हणून शिकविले जातात व त्यांचे नाते विद्यार्थ्यांपुढे क्वचितच मांडले जाते. मूळ उताऱ्याच्या एक-तृतीयांश शब्दांत सारांश लिहावा, या संकेतामुळे काही विद्यार्थी अर्थाचा विचार न करता केवळ मधली वाक्ये गाळतात.

अध्यापनक्रम : प्रारंभ तोंडी व मूर्त उदाहरणांनी करावा. पळी, झारा, कढई, उलथने ही नावे फळ्यावर लिहून त्यांना एक सामान्य नाव द्यावयास सांगावे; मग ‘कुदळ’ हा शब्द त्यांत का बसत नाही, ते विचारावे. सामान्यीकरण व अप्रस्तुताचे वर्जन या दोन्ही क्रिया येथे बीजरूपाने येतात. दुसऱ्या पायरीवर तीन-चार वाक्यांचा उतारा देऊन त्यास शीर्षक द्यावयास सांगावे व शीर्षकाचे पुढे पूर्ण वाक्य करवून घ्यावे. तिसऱ्या पायरीवर मुख्य विधान स्पष्टपणे आलेले उतारे घ्यावेत; मात्र ते विधान कधी आरंभी, कधी मध्ये, कधी शेवटी असावे. मुख्य विधान अध्याहृत असलेले उतारे त्यानंतर आणि अनेक परिच्छेदांचा पाठ शेवटी घ्यावा.

प्रत्येक पायरीवर वर्जनाची कसोटी उपयोगी पडते. एकेक वाक्य हाताने झाकावे व मुख्य विधान त्यामुळे दुबळे होते काय, ते पहावे. होत असेल तर ते वाक्य पूरक. नसेल तर आनुषंगिक. आरंभी शिक्षकाने आपला विचार मोठ्याने बोलून दाखवावा, मग विद्यार्थ्यांसह व अखेरीस त्यांच्याकडून स्वतंत्रपणे ही क्रिया करवून घ्यावी. ॲनमरी पॅलिंक्सार व ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या परस्पर-अध्यापन पद्धतीत विद्यार्थी आळीपाळीने गटाचे नेतृत्व करून सारांश सांगणे, प्रश्न विचारणे, शंकानिरसन करणे व पुढील भागाचा अंदाज बांधणे ही कामे करतात. या सर्वांस फळा व पाठ्यपुस्तक यांपलीकडे विशेष साधने लागत नाहीत.

दोष व अडचणी : प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकून ते वाक्य जसेच्या तसे उतरविणे हा सर्वांत रूढ दोष होय. उत्तर बरोबर ठरते; परंतु आकलन झाले की नाही, ते कळत नाही. बोधकथेतील नीतिपर तात्पर्यालाच सर्व प्रकारच्या लेखनातील मध्यवर्ती कल्पना समजणे, हाही एक दोष आहे. माहितीपर लेखनास तात्पर्य असतेच असे नाही. तिसरी अडचण भाषेची आहे. यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी मराठीसह कोलामी, गोंडी व बंजारा या बोलीही घरोघरी बोलल्या जातात. यवतमाळ शहरालगतच्या एखाद्या गावात वा कोलाम पोडांवरील शाळेत बालकास आशय उमगलेला असूनही तो प्रमाण मराठीत मांडता येत नाही, असे घडू शकते. अशा वेळी प्रथम घरच्या बोलीत सांगू द्यावे व नंतर ते मराठीत आणावे. अभिव्यक्तीतील उणीव ही आकलनातील उणीव समजल्यास बालकावर अन्याय होतो.

मूल्यमापनात एकच ठराविक वाक्य बरोबर मानू नये. अर्थ कायम असल्यास भिन्न शब्दयोजना स्वीकारावी. मात्र निवडलेला तपशील त्या कल्पनेस कसा आधार देतो, हे विद्यार्थ्याने सांगितलेच पाहिजे.

व्यावहारिक महत्त्व : हे कौशल्य केवळ परीक्षेपुरते नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्या दुर्घटनेमागे अनेक कारणे होती व केवळ वाचनाने ती टळली असती, असे म्हणता येत नाही. परंतु कीटकनाशकाच्या डब्याबरोबरचे माहितीपत्रक हा वाचन-आकलनाचा कठीण नमुना आहे, हे मात्र खरे. बारीक टंकात छापलेल्या त्या मजकुरात पिके, किडी, मात्रा, विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व रिकाम्या डब्याची विल्हेवाट ही सर्व माहिती दाटीवाटीने येते. द्रव्य किती विषारी आहे हे डब्यावरील चौकटीतील रंग दर्शवितो. लाल रंग सर्वाधिक तीव्रतेचा द्योतक असतो. ‘हे विष आहे, अंगाला व श्वासाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये’ ही येथील मध्यवर्ती कल्पना. हातमोजे, तोंडावरील आच्छादन, वाऱ्याची दिशा यांविषयीच्या सूचना तिला पूरक आहेत. सारांश लिहिताना पाण्यात मिसळावयाच्या औषधाचे प्रमाण कदाचित गाळले जाईल. फवारणी करणाऱ्यास मात्र तेच प्रथम हवे असते. म्हणून तपशील दुय्यम म्हणजे निरुपयोगी, अशी समजूत विद्यार्थ्यांत रुजू देऊ नये. मुख्य आशय ध्यानी घेऊन, आपल्या प्रयोजनास आवश्यक तो तपशील पुन्हा नेमका शोधून काढता येणे, ही या अध्यापनाची अंतिम कसोटी होय.