‘आत काय आहे?’ : पोस्टाच्या खिडकीवरचा प्रश्न

पोस्टाच्या खिडकीवर विचारतात, ‘आत काय आहे?’ आणि आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘काही नाही हो, घरगुती सामान.’ आता बघा, त्या कर्मचाऱ्याला तुमच्या घरात डोकावायची हौस नसते. परदेशी जाणाऱ्या पार्सलाला सीएन २२ किंवा सीएन २३ हा कस्टम्सचा फॉर्म लागतो. त्यात वस्तू, नग, वजन, किंमत लिहायची आणि खाली सही तुमची. म्हणजे जबाबदारीही तुमचीच. अमेरिका, युरोपसारख्या ठिकाणी तर ही माहिती पार्सलाच्या आधी संगणकावरून पोचते. तिथे ‘गिफ्ट’ या शब्दाला काही अर्थ नाही. गिफ्ट म्हणजे साडी की पॉवरबँक?

पॉवरबँकमधली लिथियम बॅटरी दाबली गेली, बिघडली तर पेट घेऊ शकते. विमानाच्या पोटात ती विझवायला शेजारी कोण असतं? म्हणून सुटी बॅटरी हवाई टपालात चालत नाही. तरी कपड्यांच्या घडीत ती सरकवून देणारे महाभाग आहेतच.

दिवाळीचा फराळ घ्या. ऑस्ट्रेलियात पेढे, बर्फी अशा दुधाच्या मिठाईला मज्जाव आहे, कारण जनावरांच्या लाळ्या-खुरकुताची भीती. खिडकीवर स्पष्ट ‘पेढे’ म्हणालात, तर डबा इथूनच परत घरी येण्याची शक्यता तरी असते. नुसतं ‘खाऊ’ लिहिलंत, तर तिकडे तो उघडतील, बहुधा नष्ट करतील, आणि लेक वाट बघत बसेल. तेव्हा सरळ लिहा: सुती साडी, १ नग, किंमत अमुक.